खुडूक कोंबडी बसवताना



कापसाचा पैसा घरी येईपर्यंत सावकार आणि खत-औषधवाला वाटून घेतात. अंडी-पिलांचा पैसा मात्र घरच्या बाईच्या पदराला राहतो, म्हणून आज कोंबडीचं बोलू.

कोंबडी खुडूक झाली की आपण तिला अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत बसवतो. खाली राख घालू, वर वाळलं गवत. राख उवांसाठी, उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडून उठते. अंडी 10-12च ठेवू, आठवड्याच्या आतली. हाव धरून 20 ठेवली तर कडेची गार पडतात, आणि नाव कोंबडीचं खराब! सातव्या रात्री बॅटरीपुढं अंडं धरावं. लाल शिरा दिसल्या तर जीव धरला. नितळ दिसलं तर काढावं.

रोज एकदा तिला उठवून ज्वारी-पाणी द्यावं. पाण्याला फवारणीचा रिकामा डबा नको, कितीही धुतलेला असो. 18 दिवसांनंतर अंडी हलवू नयेत. 21व्या दिवशी पिलं निघतात. त्यांचं पोटातल्या बलकावर दिवसभर भागतं. मग ज्वारीची बारीक कणी टाकावी.