जमीन गेली, पण कागद कुणाच्या नावाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही पंडित नाही. सूतगिरणीत पाळ्या करता करता, मिळेल ते वाचून चार गोष्टी शिकलो. सरकार विकासासाठी जमीन घेते तेव्हा आपल्या माणसाच्या पदरात काय पडते, यावर आज बोलायचं आहे.

गिरणीत चाती फिरते ती विजेवर. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोयना प्रकल्पाची वीजक्षमता १९६० मेगावॅट. या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनीच चालना दिली. म्हणून धरणच नको, असं आम्ही म्हणणार नाही. आमचा सवाल एवढाच, की त्याची किंमत कुणी मोजली?

कोयना धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले. पाटण आणि जावळी तालुक्यांतली गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली. माणसे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. त्या वेळी कायदा इंग्रजांचा, १८९४ सालचा. तो जमिनीचे पैसे देई, पुनर्वसनाची हमी देत नसे. राज्याचा पुनर्वसन कायदा आला तो १९७६ साली. २०१८ सालीसुद्धा कोयनेच्या धरणग्रस्तांना जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या मांडावा लागला! वारणेकाठी चांदोलीलाही तेच. आधी धरण, मग १९८५ साली अभयारण्य. गावे उठतच राहिली.

आता आपल्या घरातली गोष्ट. पैसे मिळतात ते ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. आपल्याकडे होती ती वतनाची जमीन. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला परत मिळायच्या होत्या. ज्याला हे कळलंच नाही, तो कसत राहिला आणि कागदावर जमीन सरकारचीच राहिली. मग भरपाई मागायची कुणी?

आणि ज्याला जमीनच नव्हती त्याचं काय? एका पुनर्वसन वसाहतीत एक म्हातारी आम्हांला म्हणाली, "लेकरा, ज्याचं रान बुडालं त्याला कागद तरी मिळाला. आमची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कुणी केला?" आम्हांला उत्तर देता आलं नाही.

आज थोडं उत्तर आहे. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जमीन नसलेला शेतमजूर, कूळ, कारागीर तिथे आधीची तीन वर्षे राबून पोट भरत असेल आणि त्याची रोजीरोटी बुडत असेल, तर त्याचं कुटुंबही या कायद्याने बाधित धरलं जातं. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बहिणींना स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. पण बंधूंनो, कायदा आपण होऊन दार ठोठावत नाही.

म्हणून आजच कामाला लागा. घरातला माणूस वारला की वारसनोंद लगेच करून घ्या, आयाबहिणींची नावे वगळू नका. वतनाची जमीन असेल तर परत दिल्याचा हुकूम आणि पैसे भरल्याची पावती शोधा. मजुरांनी रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव जपून ठेवावे आणि पाहणीत नाव लागले की नाही ते स्वतः बघावे. प्राथमिक अधिसूचना निघाली की या कायद्यात हरकतीला ६० दिवस असतात, राष्ट्रीय महामार्ग असेल तर फक्त २१. या कायद्याखाली भरपाई कमी वाटली तर 'हरकत राखून' असं लिहूनच पैसे घ्या. तसं न लिहिता घेतले, तर पुढे वाढीव रक्कम मागण्याचा हक्क जातो.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत राहिला नाही. तरी कलम ३००-अ सांगते, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. ही ढाल आपल्याकडे आहे. ती उचलायला वाचता आलं पाहिजे आणि दहा जणांनी मिळून तहसीलला गेलं पाहिजे.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एकमेकांचे सातबारे वाचू या. शाळेतली पोरं वाचतील, आपण ऐकू. त्या म्हातारीला द्यायचं उत्तर तिथूनच तयार होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!