तोल आणि आधार

सचिवालयातील नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेला महाराष्ट्रीय माणूस प्रथम सरकारी वसाहतींतून राहिला. सेवानिवृत्तीचे दिवस जवळ येऊ लागले, तसे त्याने कोठे दिल्ली विकास प्राधिकरणाचे, कोठे एखाद्या सहकारी संस्थेचे लहानसे घर घेतले. घर निवडताना त्याने हवा पाहिली, उजेड पाहिला, शेजार पाहिला. तिसरा मजला मिळाला तेव्हा तर त्याला आनंदच झाला. हिवाळ्यात गच्चीवरचे ऊन जवळ आणि खालची वर्दळ दूर! जिना त्याच्या हिशेबात नव्हता. ज्या पायऱ्या पंचेचाळिसाव्या वर्षी दोन दोन करून ओलांडल्या, त्याच पायऱ्या ऐंशीव्या वर्षी एकेक करून मोजाव्या लागतात, आणि बऱ्याच जुन्या इमारतींना आजही उद्वाहक नाही. त्याचे मुलगे आता नोएडात, गाझियाबादेत, गुरुग्रामात उंच इमारतींतून राहतात. तेथे उद्वाहक आहे. परंतु आरशासारखी गुळगुळीत फरशीही आहे. जागा बदलली तरी प्रश्न तोच राहतो. म्हाताऱ्या माणसाने घरात हिंडावे कसे, आणि त्याची काळजी वाहणाऱ्यांनी त्याला आधार द्यावा कसा?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ४० लक्ष होती. जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि अशा मृत्यूंत साठीच्या पुढील माणसांचा भरणा सर्वाधिक असतो. पासष्टीच्या पुढील दर तीन माणसांपैकी जवळजवळ एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या रोहतक जिल्ह्यात खुब्याचे हाड मोडण्याच्या प्रमाणाची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढील दर लाख माणसांमागे वर्षाला सुमारे १२९ जणांचे खुब्याचे हाड मोडते, असे तीत आढळले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. हाड मोडते एका क्षणात. पण त्या क्षणानंतर घराची सारी घडी बदलते. आदल्या दिवसापर्यंत देवपूजेची फुले स्वतः आणणारा माणूस अंथरूण धरतो, आणि घरातील एखादी स्त्री, बहुधा पत्नी किंवा सून, त्या अंथरुणाशी बांधली जाते.

म्हणूनच एकदा घरात कोणी पडले की कुटुंबाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘बसा’ हा. “बाबा, तुम्ही उठू नका.” “आई, पाणी हातात आणून देते, तुम्ही बसा.” या शब्दामागे माया असते यात शंका नाही. तथापि शरीराचा न्याय मायेपुढे वाकत नाही. जो स्नायू वापरला जात नाही तो क्षीण होतो, आणि मांडीचे व पोटरीचे स्नायू क्षीण झाले की तोल जातो. बसवून ठेवलेला माणूस महिनाभरानंतर जेव्हा नाइलाजाने उठतो, तेव्हा तो पूर्वीपेक्षा अधिक सहजपणे पडतो. मग घरचे म्हणतात, “पाहा, आम्ही सांगत होतो!” पडण्याची भीती, त्या भीतीने बसून राहणे, बसल्यामुळे आलेला अशक्तपणा आणि अशक्तपणामुळे पुन्हा पडणे, असे हे चक्र आहे. ते कोठे तरी तोडावे लागते.

ते तोडण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय व्यायाम हा होय. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात ऐंशीच्या पुढील स्त्रियांना घरच्या घरी पायांची शक्ती आणि तोल वाढविणारे व्यायाम शिकविले, आणि त्यांचे पडणे लक्षणीय प्रमाणात कमी झाले. पुढे २०१९ साली अशा १०८ प्रयोगांचा एकत्रित विचार झाला. त्यांत २३,००० हून अधिक माणसे होती. योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हे व्यायाम साधेच असतात. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे व सावकाश बसणे. ओट्याची कड धरून टाचा उचलणे. आधार हाताशी ठेवून एका पायावर क्षणभर उभे राहणे. एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून चालणे. मात्र ज्याला चक्कर येते, ज्याचे हाड मोडलेले आहे किंवा ज्याला हृदयविकार आहे, त्याने ते डॉक्टरांना अथवा भौतिकोपचार करणाऱ्या तज्ज्ञाला विचारूनच आरंभावेत. आरंभी कोणी तरी शेजारी उभे राहावे, एवढेच घरच्यांचे काम.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षाही आहे. माणसाला खुर्चीवर बसवावे, तेथून तीन मीटर अंतरावर खूण करावी, आणि नेहमीच्या चालीने तिथवर जाऊन, वळून, परत येऊन बसण्यास सांगावे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता घराकडे वळावे. दिवसा घर ओळखीचे असते. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, तेच घर परके होते. पलंगापासून शौचकूपापर्यंतची वाट ही वृद्धाच्या घरातील सर्वांत महत्त्वाची वाट होय. कुटुंबातील एखाद्याने रात्री दिवा न लावता त्या वाटेने एकदा चालून पाहावे. काय काय पायात येते ते कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. सतरंजीची मुडपलेली कड, सरकणारे पायपुसणे, हिवाळ्यात खोली तापविण्याच्या शेगडीची विजेची तार, पलंगावरून लोंबणारी रजई, पाणी भरून वाटेत ठेवलेल्या बादल्या. या वस्तू हलविण्यास पैसा लागत नाही. त्या वाटेवर एक मंद दिवा रात्रभर जळत ठेवावा. महाराष्ट्रीय घरातील उंबरठ्याला मान आहे. तो मान राखूनच त्याच्या कडेवर पिवळा पट्टा ओढावा, म्हणजे अधू दृष्टीलाही तो दिसेल. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीलाही असाच पट्टा असावा, आणि कठडा शक्य तर दोन्ही बाजूंना.

न्हाणीघराचा विचार तर स्वतंत्रपणेच केला पाहिजे. साबणाच्या पाण्याने निसरडी झालेली फरशी आणि पाटावर बसण्याची जुनी सवय यांची गाठ पडली की अपघात फारसा दूर नसतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाटावरून उठणे म्हणजे डोंगर चढण्यासारखेच. पाटाऐवजी पायांना रबर लावलेली भक्कम खुर्ची ठेवावी. शौचकूपाशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्के बसविलेले दांडे असावेत. टॉवेलच्या दांडीला किंवा नळाला धरून उठण्याची सवय घातक आहे, कारण ती दांडी माणसाचा भार सोसण्यासाठी केलेलीच नसते. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. आत पडलेल्या माणसाच्या देहाने दार अडून राहिले, तर मदतीची मौल्यवान मिनिटे वाया जातात. दिल्लीच्या थंडीत रात्रीचा पारा कित्येकदा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि म्हातारी माणसे लोकरी मोजे घालून संगमरवरी फरशीवर चालतात. मोजा फरशीवर घसरतो. त्यावर टाच झाकणारी, खाली रबर असलेली वहाण हवी.

काही कारणे घरात नसतात, देहात असतात. निजलेला माणूस एकदम उठून उभा राहिला की कित्येकदा डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. अशा माणसाने प्रथम कुशीवर वळावे, पलंगाच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटे बसावे, घोटे हलवावेत आणि मगच उभे राहावे. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मनाच्या व्याधींवरील काही औषधे यांनीही तोल जाऊ शकतो. वर्षातून एकदा तरी घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत. आपल्या बुद्धीने मात्र कोणतेही औषध बंद करू नये. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळपाय आणि फार जुना चष्मा यांचीही तपासणी याच वेळी व्हावी.

आता प्रत्यक्ष आधार देण्याची रीत. पुष्कळ घरांत वृद्धाला दोन्ही हात धरून किंवा काखेत हात घालून ओढून उठवितात. त्यामुळे त्याचा खांदा दुखावतो आणि ओढणाऱ्याची पाठ. आधी त्याला खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकू द्यावे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊ द्यावीत. हात खुर्चीच्या हातांवर ठेवू द्यावेत. मग ‘एक, दोन, तीन’ म्हणावे आणि त्याने नाक पुढे झुकवून स्वतः उठावे. आधार देणाऱ्याने त्याच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे उभे राहून कमरेपाशी धरावे. कमरेभोवती रुंद पट्टा बांधला तर पकड पक्की राहते. आधार देणाऱ्याने आपले गुडघे वाकवावेत, कंबर वाकवू नये. भार अंगाशी ठेवावा आणि वळायचे झाल्यास पावलांनी वळावे. चालता चालता माणूस खाली जाऊ लागला, तर त्याला उभे धरून ठेवण्याची धडपड करू नये. त्याला आपल्या अंगाशी घेऊन सावकाश जमिनीवर बसू द्यावे. दोघे पडण्यापेक्षा एकाने हळूच बसणे केव्हाही बरे.

काठीचेही शास्त्र आहे. उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाची जी घडी येते, तेवढी काठीची उंची असावी. ज्या पायात दुखणे आहे त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी. बहुतेक माणसे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. जिना चढताना प्रथम चांगला पाय वर ठेवावा; उतरताना प्रथम काठी व दुखरा पाय खाली न्यावा. काठीच्या टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे.

इतके करूनही माणूस कधी पडतोच. तेव्हा पहिला नियम असा, की त्याला चटकन उचलू नये. शुद्ध आहे का, डोक्याला मार लागला का, कोठे दुखते, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, हे पाहावे. यांपैकी काही आढळल्यास, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असून डोके आपटले असल्यास, त्याला हलवू नये. पांघरूण घालावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. दुखापत नसेल तर त्याला कुशीवर वळू द्यावे, मग गुडघ्यांवर व हातांवर येऊ द्यावे. समोर एक भक्कम खुर्ची ठेवावी. तिच्यावर हात टेकून त्याने बळकट पाय पुढे घ्यावा व उठावे, आणि मागे दुसरी खुर्ची सरकवावी. उचलण्याचे काम शक्य तितके त्याच्याच अंगाने होऊ द्यावे. आणि पडल्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. पुष्कळ वृद्ध ती घरच्यांपासूनही लपवितात, कारण त्यांना ‘बसा’ या शब्दाचे भय वाटत असते.

साहाय्य मिळण्याच्या जागाही माहीत असाव्यात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत वृद्धांच्या आजारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पलुस्करबुवांचे नाव धारण करणाऱ्या दिल्लीतील विष्णु दिगंबर मार्गावर शारीरिक अपंगत्वासंबंधीची पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था असून तेथे भौतिकोपचाराचे आणि व्यवसायोपचाराचे शिक्षण दिले जाते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना काठ्या, चालण्याचे आधार, चाकांच्या खुर्च्या, चष्मे आणि श्रवणयंत्रे विनामूल्य मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनिसेवा आहे.

राहता राहिली सेवा करणारी व्यक्ती. कित्येक घरांत साठ वर्षांची सून पंच्याऐंशी वर्षांच्या सासूला उठविते; तिचे स्वतःचे गुडघे तक्रार करीत असतात, पण ती तक्रार ऐकण्यास कोणी नसते. तिची पाठ गेली की एका घरात दोन अंथरुणे होतात. म्हणून आठवड्यातील काही वेळ घरातील पुरुषांनी, भावंडांनी, वयात आलेल्या नातवंडांनी ही जबाबदारी नेमून घ्यावी. केवळ पैसे पाठविल्याने ती फिटत नाही.

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ही म्हण गोड असली तरी अर्धीच खरी आहे. बालकाला चालणे शिकवावे लागते; वृद्धाला ते येत असते, आणि ते आपल्या हातून निसटत असल्याचे तो रोज पाहत असतो. त्याच्याशी बोलल्यावाचून त्याची खोली बदलणे, त्याला न विचारता त्याच्या हातात काठी देणे, चारचौघांत त्याला धरून चालविणे, यांनी त्याचा देह वाचेल, पण मान दुखावेल. आणि मान दुखावलेला माणूस रात्री कोणालाही हाक न मारता एकटाच उठतो. दांडा कोठे बसवावा, दिवा कोठे असावा, कोणत्या वेळी कोणाची सोबत हवी, हे त्यालाच विचारून ठरवावे. स्वतः निवडलेल्या आधाराला माणूस आनंदाने हात लावतो, आणि भिंतीतील दांड्याचा उपयोगही त्याला हात लागेल तेव्हाच होतो.