वर्गातील कपाट कोणासाठी?

(प्राथमिक शिक्षक, पालक-शिक्षक संघांचे सदस्य व ग्रामस्थ यांच्या तालुका मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. मी कला शाखेचा पदवीधर, आणि नोकरी प्रसिद्धीची. गोव्यातील प्राथमिक शाळांच्या वर्गांत मी पुष्कळदा गेलो, तो छायाचित्रकाराला सोबत घेऊन. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका पाहुण्याचे निरीक्षण आहे, आणि त्यात स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत नव्याने आलेल्या शैक्षणिक साहित्याचे छायाचित्र घ्यावयाचे होते. मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली निवडून लोखंडी कपाट उघडले. आत पृथ्वीचा गोल होता. त्यावरचे प्लास्टिकचे वेष्टणही अजून निघाले नव्हते. भिंगे होती, चुंबक होते, तराजू होता, आणि गोष्टींची पुस्तके होती, नव्या कागदाचा वास असलेली. गोल मेजावर ठेवला, सहा-सात मुले भोवती उभी केली. त्यांतील एका मुलीने निळ्या भागावर बोट ठेवून गोल हळूच फिरविला आणि ती त्यात अशी रमली की छायाचित्रकाराने दोनदा हाक मारली तरी तिने वर पाहिले नाही. छायाचित्र झाले. पाच मिनिटांत गोल पुन्हा कपाटात गेला आणि कुलूप लागले. पुढे ते चित्र छापून आले. त्याखालची ओळ मी लिहिली होती: ‘पृथ्वीच्या गोलाचे निरीक्षण करताना विद्यार्थी.’ त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता. ते निरीक्षण पाच मिनिटांचे होते, एवढेच मी लिहिले नाही.

बाईंना मी दोष देत नाही. निघताना त्यांनी मला जडसंग्रह नोंदवही दाखविली आणि म्हणाल्या, “साहेब, गोल फुटला तर जाब मी द्यायचा. मुलांच्या हाती दिला तर तो फुटणारच.” या वाक्यावर मी आजवर विचार करीत आलो आहे. वर्गाची मांडणी, फळ्या, खोके, खुंट्या हा सगळा विषय शेवटी त्या एका वाक्यापाशी येऊन थांबतो.

ही अडचण जुनी आहे. १९८७ साली, म्हणजे ज्या वर्षी गोवा घटकराज्य झाले त्याच वर्षी, देशात ‘खडू-फळा’ मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्याचा संच मिळावा असा तिचा हेतू होता. संच पुष्कळ ठिकाणी पोहोचले आणि पुष्कळ ठिकाणी पेटीतच राहिले. साहित्य शाळेत येणे आणि मुलाच्या हातात येणे यांमध्ये एक कपाट उभे असते, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

आपल्या जुन्या घरांकडे पाहा. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत कोनाडा असे, तो दिवा आणि काड्याची पेटी जिथे लागते तिथेच. विळी कुठे, शिंके कुठे, कोयता कुठे, हे अंधारातही हाताला ठाऊक असे. वस्तूची जागा ती वापरणाऱ्याच्या हातावरून ठरत असे. शाळेत मात्र आपण वस्तूची जागा किल्लीवरून ठरवितो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले, तेथे मुलांच्या उंचीची उघडी कपाटे हा त्यांच्या पद्धतीचाच एक भाग झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच दृष्टी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर खेड्यातील मुलांपर्यंत नेली. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांचीच साधने केली. आपल्या गावांत यांपैकी कशाची उणीव आहे?

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. आपल्याकडील कित्येक शाळांत एकाच खोलीत पहिली ते चौथीची मुले आणि एक किंवा दोन शिक्षक असतात. अशा वर्गात शिक्षक एका इयत्तेला शिकवीत असता बाकीच्या तिन्हींनी आपापले काम करावे लागते, आणि पाटी, रंगीत खडू, मणी, पुस्तक यांसाठी मूल दर वेळी गुरुजींच्या मेजापाशी आले तर कोणाचेच काम पुढे जात नाही. मी एक अंदाजी हिशेब केला. वीस मुलांना वस्तू वाटण्यास प्रत्येकी अर्धा मिनिट धरला तर दहा मिनिटे होतात, आणि दिवसातून दोनदा वाटप झाले तर वीस. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. वीस मिनिटांप्रमाणे २०० दिवसांत ६६ तासांहून अधिक वेळ केवळ वाटपात जातो. म्हणजे शिकण्याच्या वेळेचा सुमारे बारावा हिस्सा!

म्हणून पहिली गोष्ट उंचीची. पहिलीतील मूल साधारण साडेतीन ते पावणेचार फुटांचे असते. त्याने स्वतः घ्यायच्या वस्तूंची सर्वांत वरची फळी तीन फुटांपेक्षा उंच नसावी. जड वस्तू तळाला ठेवाव्यात. कपाट उंच असल्यास ते भिंतीला पक्के जखडावे. मुले फळीवर पाय देऊन चढतात, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. गुरुजींची कागदपत्रे, औषधे, कात्र्या यांना मात्र कुलूप हवेच. कुलूप नकोच असे माझे म्हणणे नाही. मुलांच्या वस्तूंना नको, इतकेच.

दुसरी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या जागेची. प्रत्येक मुलाला एक कप्पा आणि एक खुंटी मिळावी. कप्प्यासाठी बांबूची लहान टोपली चालेल, बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालेल, गोणपाटावर शिवलेले खिसे भिंतीला टांगले तरी चालेल. खुंटी लाकडाची, गोल डोक्याची असावी. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर उघडा खिळा कधीही ठोकू नये. ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्या कप्प्यावर नावासोबत एक चित्र काढावे: काजू, मासा, फणस, होडी. आज आपल्या वर्गांत कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुलेही बसतात. त्यांची घरची भाषा वेगळी असते आणि राहण्याची खोली अनेकदा इतकी लहान असते की पुस्तक ठेवावयास कोपरा नसतो. अशा मुलाला फणसाचे चित्र असलेला एक फूटभर कप्पा मिळतो तेव्हा शाळेत त्याचे काहीतरी स्वतःचे होते.

कप्प्यामुळे दप्तरही हलके होते. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. वीस किलोच्या मुलाने दोन किलोंपेक्षा जास्त ओझे उचलू नये. चित्रकलेची वही, रंग, जास्तीच्या वह्या शाळेतच राहिल्या तर हे सहज साधते.

तिसरी गोष्ट पावसाची, आणि येथे बाहेरून आलेली पुस्तकी योजना आपल्या उपयोगी पडत नाही. वाळपई, सांगे यांसारख्या घाटाच्या पायथ्याच्या भागांत जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटात पुस्तकांना बुरशी येते आणि मागून वाळवी चढते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून चिऱ्यांवर उचललेले असावे, म्हणजे वाळवीची मातीची नळी डोळ्यांना दिसते आणि वेळीच झाडता येते. ओल्या छत्र्या व रेनकोट वर्गात येऊच नयेत. पडवीत दांडी बांधून खाली पाणी वाहून जाईल अशी सोय करावी. गंमत अशी की बंद कपाटापेक्षा उघड्या फळीवरची, रोज हाताळली जाणारी पुस्तके पावसाळ्यात चांगली टिकतात, कारण त्यांना वारा लागतो. पाऊस सरला की ती एकदा उन्हाजवळच्या सावलीत पसरावीत. सरस्वतीपूजनाला आपण पुस्तके मखरापुढे मांडतोच. त्याच सुमारास हे कामही होऊन जाते. (वर्षातून एक दिवस हळदकुंकू आणि उरलेले दिवस कुलूप, हे सरस्वतीला तरी आवडत असेल का, याची मला शंका आहे.)

चौथीच्या मुलांकडे फळ्यांची देखरेख द्यावी. शनिवारी मोजणी त्यांनीच करावी आणि काय हरवले ते फळ्यावर लिहावे. हरवलेली वस्तू कोणाच्या तरी दप्तरात सापडते. शिक्षा न करता ती फळीवर परत ठेवण्याची मुभा असावी.

राहिला नोंदवहीचा प्रश्न. येथे मी भागशिक्षणाधिकारी आणि लेखा विभागातील मित्रांकडे वळतो, कारण केवळ शिक्षकांना उपदेश करून भागणार नाही. खडू, कागद, रंग, बिया या उपभोग्य वस्तू आहेत; त्या संपण्यासाठीच येतात. गोल, तराजू या टिकाऊ वस्तू. त्याही वापराने झिजतात आणि रीतसर निर्लेखित करता येतात. पुस्तकांविषयी तर केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी आपल्या ग्रंथालयांसाठी स्पष्टच मान्य केले आहे की, वर्षाला वाचावयास दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. वीस मुलांनी आठवड्याला एक याप्रमाणे चाळीस आठवडे पुस्तके नेली तर देवघेव ८०० होते. त्या मापाने चार पुस्तके गेली तरी जाब विचारण्याचे कारण नाही. तपासणीला आल्यावर ‘किती पुस्तके शिल्लक आहेत?’ या प्रश्नाआधी ‘किती पुस्तकांच्या कडा मळल्या आहेत?’ हे आपण विचारावे, आणि वापरात मोडलेल्या वस्तूसाठी शिक्षकाच्या पगाराकडे पाहिले जाणार नाही असे तोंडी नव्हे, लेखी कळवावे. तसे कळविल्याशिवाय एकही बाई कुलूप काढणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढले नसते.

आमच्या खात्याकडूनही एक गोष्ट होईल. यापुढे छायाचित्रासाठी आम्ही येऊ तेव्हा कोणतेही कपाट उघडण्याची विनंती करणार नाही. जे बाहेर असेल आणि मुलांच्या हाती असेल, तेच टिपू.

फळ्यांची मापे लिहिलेला कागद बाहेरच्या फलकावर लावला आहे. शाळा जूनमध्ये उघडण्यापूर्वी हे काम व्हावयाचे असेल तर लाकूड आताच वाळत घालावे लागेल. सुतारकाम करणारे दोन पालक मागच्या रांगेत बसले आहेत. चहाच्या वेळी त्यांना गाठावे.