कामांचे जाळे आणि आपले वसतिगृह



वसतिगृहाची नवी बैठी इमारत बांधण्याचा आपला संकल्प स्तुत्य आहे. परंतु खेड्यातून येणाऱ्या मुलास जागा हवी ती जूनमध्ये. ऑगस्टात तयार झालेली खोली त्या वर्षापुरती त्यास नसल्यासारखीच होय. म्हणून इमारत किती पैशांत होईल याइतकाच ती केव्हा होईल हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शाळेत आपण काळ-काम-वेगाची उदाहरणे सोडविली. माणसे दुप्पट तर दिवस निम्मे! प्रत्यक्षात पायावाचून भिंत नाही, भिंतीवाचून छत नाही. आणि मजूर वाढविले म्हणून स्लॅबला पाणी मारण्याचे दिवस कमी होत नाहीत.

या अडचणीवर अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी उपाय निघाला. 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी निर्णायक मार्गाची पद्धत, म्हणजे सीपीएम, सिद्ध केली. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कार्यासाठी पर्ट ही पद्धत आणली. त्यापूर्वी हेन्री गँट यांचे पट्ट्यांचे तक्ते रूढ होते. त्यांत कोणते काम केव्हा हे दिसे. परंतु कोणते काम कशावर अडले आहे, हे स्पष्ट होत नसे. नव्या पद्धतीत कामे बाणांनी जोडून त्यांचे जाळे काढतात.

आपल्याच इमारतीचे उदाहरण घेऊ. नकाशा व मंजुरी यांस 8 आठवडे, आणि त्याच वेळी देणग्या गोळा करण्यास 6 आठवडे धरू. ही दोन्ही कामे संपल्यावर पाया 5, मग भिंती व स्लॅब 10, शेवटी गिलावा, नळ व वीज 6 आठवडे. नकाशा मंजूर होताच सुतार दारे-खिडक्या करू लागेल. त्यास 7 आठवडे. मंजुरी, पाया, भिंती-स्लॅब आणि गिलावा यांची बेरीज 29 आठवडे होते. हीच सर्वांत लांब वाट. हाच निर्णायक मार्ग. यावरील एका कामास आठवडा उशीर झाला, तर संपूर्ण इमारतीस आठवडा उशीर होतो. सुतारास मात्र 8 आठवड्यांची सवड आहे. त्याच्यामागे तगादा लावून इमारत एक दिवसही लवकर होणार नाही.

आता देणग्यांकडे पाहा. त्यांस सवड केवळ 2 आठवड्यांची. त्या 6 ऐवजी 10 आठवड्यांनी आल्या, तर निर्णायक मार्ग देणग्यांतून जातो आणि इमारत 31 आठवड्यांवर जाते. संमेलनात आकडा घालणे सोपे. परंतु रक्कम वेळेवर पोचविणे हेही गवंड्याच्या कामाइतकेच बांधकाम आहे, हे आपण ध्यानी घ्यावे.

पर्टमध्ये आणखी एक शहाणपण आहे. अनिश्चित कामास एक अंदाज न धरता तीन धरतात: अनुकूल, संभाव्य व प्रतिकूल. संभाव्याची चौपट करून तीत इतर दोन मिळवावेत व 6 ने भागावे. मंजुरीस हे अंदाज 5, 8 व 17 धरले, तर 54 भागिले 6, म्हणजे 9 आठवडे येतात. अर्थात एकूण 30 आठवडे. जूनच्या आरंभी दार उघडावयाचे असेल, तर ऑक्टोबर अखेरीस आरंभ झालाच पाहिजे.

या विद्येचा उगाच गौरवही नको. हार्वे सापोल्स्की यांनी 1972 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, पोलारिसच्या यशात पर्टचा प्रत्यक्ष वाटा थोडा होता. टीकाकारांवर छाप पाडण्यास मात्र ती फार उपयोगी पडली. आज हे गणित संगणक क्षणात करतो. पण भिंतीवरचा तक्ता विटा रचीत नाही. अंदाज प्रामाणिक असावेत, आणि दर आठवड्यास झालेल्या कामाची नोंद घेऊन जाळे पुन्हा तपासावे, तरच त्याचा लाभ.

म्हणून आमची नम्र सूचना अशी: कार्यकारी मंडळाने हे जाळे काढून कार्यालयात लावावे, प्रत्येक कामापुढे एका जबाबदार सभासदाचे नाव लिहावे, आणि देणगीदारांनी आपली तारीख पाळावी. येत्या जूनमध्ये ट्रंक घेऊन दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलास माघारी धाडण्याची पाळी आपणांवर न येवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.