जिन्याखालचं बिऱ्हाड

(कळंबोली येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात संसार थाटणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमानतळ आणि अमेरिका येते. मी आज बोलणार आहे ते आपल्याच सोसायट्यांत पंपाच्या खोलीशेजारी किंवा जिन्याखाली राहणाऱ्या परदेशी कुटुंबांबद्दल. वॉचमनला आपण ‘बहादूर’ म्हणतो. त्याच्या बायकोला तर आपण नावही विचारत नाही.

कळंबोली तशी बाहेरून आलेल्यांचीच. जमिनी मूळच्या आगरी शेतकऱ्यांच्या, त्या सिडकोने घेतल्या. कर्नाक बंदरचा लोखंडबाजार इकडे आला, त्यामागे घाटावरचे माथाडी आले, ट्रकवाले आले. या सगळ्यांची पोरं इथल्या शाळांत रुळली. मग अछाम, बझांग, डोटीहून, म्हणजे नेपाळच्या पश्चिम डोंगरांतून, आलेल्यांची का रुळू नयेत?

त्यांचं येणं बेकायदा नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, ये-जा करण्याची, व्यापार करण्याची मुभा आहे. बनबसा किंवा गौरीफंट्याची सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. सीमा सोपी आहे. अडतं ते त्यानंतर.

पहिली गोष्ट कामाची. सोसायटी नोकरी देते नवऱ्याला, काम घेते दोघांचं. तो रात्री जागतो. ती जिने झाडते, पहाटे पाण्याचा पंप लावते, गाड्या पुसते. मी ज्या घरांत गेले तिथे पगार एकच आणि तो त्याच्या हातात. खोली नोकरीबरोबरची, म्हणून नोकरी सुटली की बिऱ्हाड रस्त्यावर. नवऱ्याने हात उगारला तर ही बाई कुठे जाणार? तिचं माहेर दोन-तीन दिवसांच्या प्रवासावर असतं. मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात ‘कोणतीही स्त्री’ असं म्हटलं आहे. भारतीय नागरिक असण्याची अट त्यात नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला घेऊन जायला आपण कचरता कामा नये.

दुसरी गोष्ट मुलांची. एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. मुलगी गावी दुसरीपर्यंत शिकलेली. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे मराठी फलक ती घडाघडा वाचत होती, अर्थ तेवढा कळत नव्हता. शाळेने आधार मागितलं आणि परत पाठवलं. दाखल्यावर जन्मसाल २०७४ होतं, ते पाहून कारकून हसला. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतो. २०७४ चा वैशाख म्हणजे आपला २०१७ चा एप्रिल-मे. यात हसण्यासारखं काय आहे? सत्तावन्न वजा करायचे, पौषाच्या मध्यानंतरचा जन्म असेल तर छप्पन्न. एवढा हिशेब आला असता तर त्या पोरीचे दोन महिने वाया गेले नसते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात सहा ते चौदा वर्षांचं ‘प्रत्येक बालक’ असे शब्द आहेत, ‘प्रत्येक नागरिक’ असे नाहीत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला यायला उशीर झाला तरी नाही. मूल वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर त्याची वेगळी तयारी करून घ्यायची, ही जबाबदारी शाळेची. आधारसाठी शाळेचा प्रवेश अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं आहे. त्या मुलीच्या वेळी आम्ही चौघी ही कलमं लिहून घेऊन गेलो. आवाज चढवावा लागला नाही. प्रवेश झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड: इथे जन्मलेल्या मुलाची. ३ डिसेंबर २००४ नंतर इथे जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही परदेशी असतील तर जन्माने भारतीय नागरिकत्व मिळत नाही. नेपाळची ‘नागरिकता’ सोळाव्या वर्षी तिथल्या जिल्हा प्रशासन कार्यालयातून काढावी लागते. आणि बाप परागंदा झाला असेल तर? नेपाळच्या २०१५ च्या संविधानात अशा मुलाला आईच्या नावावर वंशज म्हणून नागरिकत्व देणारी तरतूद आहे, पण मूल नेपाळमध्ये जन्मलेलं हवं. म्हणजे नवऱ्याने कळंबोलीत टाकलेली बाई आणि कळंबोलीत जन्मलेलं तिचं मूल दोन्ही देशांच्या कायद्यात अधांतरी.

याच्या उलट गोष्ट आपल्या शेजारची आहे. पनवेलचे, रायगडचे बेने इस्रायली १९४८ नंतर मुलाबाळांसह इस्रायलला गेले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी आई, आजी, पणजीचं कुळ तपासायचा फतवा काढला. लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. नेपाळात बापाचा पुरावा मागतात, तिथे आईच्या कुळाचा मागत होते. पुरावा कुणाचाही मागा, झडती होते ती बाईच्या चारित्र्याची, आणि किंमत मोजतं मूल.

आता आपण काय करायचं? या बायकांना बचत गटाच्या बैठकीला बोलवा, दुपारची वेळ ठेवा, सकाळी त्यांना सवड नसते. बाळंतपण झालं की २१ दिवसांच्या आत जन्मनोंदणी करून घ्या. ती विनामूल्य असते आणि आईबापांच्या नागरिकत्वावर अवलंबून नसते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळेसाठी हाच दाखला मुख्य पुरावा आहे. दाखल्यावर आईचं नाव तिच्या नागरिकतेच्या कागदावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहून घ्या. पुढे सोळाव्या वर्षी हाच कागद तिच्या मुलाच्या हातात असणार आहे.

आणि ज्या सोसायटीत आपण राहतो, तिथल्या पुढच्या सभेत एक विषय मांडा: जिने झाडणाऱ्या बाईचा पगार वेगळा आणि तिच्या हातात. हे काम कोणत्याही सरकारी आदेशाशिवाय, या महिन्यापासून होऊ शकतं. त्याची सुरुवात तिचं नाव विचारण्यापासून करू या.