आधण आलंय!
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले छोटेसे भाषण)



पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, एकूण ५६ गीतं. १९८४ साली सोलापूरला त्यातलं एक गीत रेडिओवर लागलं, तेव्हा मी समोर टेपरेकॉर्डर ठेवून ते कॅसेटवर घेत होतो. ऐन अंतऱ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक, "अरे, आधण आलंय, तांदूळ वैर!" गाणं बिघडलं म्हणून मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

आज गीतरामायण मोबाइलवर केव्हाही ऐकता येतं. आई मात्र गेली. तिचा आवाज त्या एका वाक्यापुरताच उरलाय. परवा ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. इथे बंगळुरात वाढलेल्या लेकीनं विचारलं, "बाबा, आधण म्हणजे काय? आणि वैर म्हणजे भांडण ना?" मी गॅसवर पाणी ठेवलं आणि तिच्या हातात तांदूळ दिले.

मंडळी, गाणी जपणारे पुष्कळ आहेत. घरातले आवाज आपणच जपायचे. आज घरी गेल्यावर आई-वडिलांना बोलतं करा, मोबाइल हातात आहेच. आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली, तर ती पुसू नका!

गणपती बाप्पा मोरया!