सही शेवटी मागू नका



यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही घराचं वायरिंग स्वतः केलंत ना? मग मला एखादा चांगला इलेक्ट्रिशियन सांगा. माझं काम संपत आलंय, आता फक्त त्याची सही हवीय."

मी विचारलं, "भिंती बुजवल्यात का?"

"हो, मागच्याच आठवड्यात प्लास्टर झालं."

तेव्हा त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हीच चूक मी त्यांच्या आधी केली होती, आणि मला ती महागात पडली.

आमचं घर १९३०च्या सुमाराचं, सेमी-डिटॅच्ड. लंडनच्या आसपास आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं तशीच आहेत. घेतलं तेव्हा प्रत्येक खोलीत एकच सॉकेट होतं आणि फ्यूजबोर्ड तर पाहवत नव्हता. माळ्यावर रबरी आवरणाच्या जुन्या वायरी होत्या, हात लावला की आवरणाचा भुगा पडायचा. वरच्या मजल्याच्या दिव्यांना अर्थिंग नव्हतं. सगळं नवीन करून द्यायला इलेक्ट्रिशियननं सहा हजार पौंड सांगितले. मी म्हटलं, हे तर आपलं घरचं काम. माझे बाबा इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरमन होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर मी झिऱ्या मारल्यात, पाइप टाकलेत. इंग्लंडमध्ये घरमालकानं स्वतःच्या घराचं वायरिंग करायला कायद्याची बंदी नाही, हेही मी वाचलं होतं. ते खरंच आहे. पण मी अर्धंच वाचलं होतं.

उरलेलं अर्धं असं. १ जानेवारी २००५पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातलं विजेचं काम बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या 'पार्ट पी'खाली येतं. इंग्लंडमध्ये नवीन सर्किट टाकणं, फ्यूजबोर्ड म्हणजे कन्झ्युमर युनिट बदलणं, बाथरूममध्ये शॉवर-टबच्या जवळ वायरिंगमध्ये बदल करणं, ही कामं रीतसर कळवावी लागतात. घराचं सगळं वायरिंग नवीन करायचं तर ते यात आलंच. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, म्हणून मी इंग्लंडपुरतंच बोलतोय.

कळवायचे रस्ते तीन. पहिला, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन सगळं काम स्वतः करतो आणि स्वतःच प्रमाणित करतो. दुसरा, तुम्ही काम सुरू करण्यापूर्वी कौन्सिलच्या किंवा खासगी बिल्डिंग कंट्रोलला कळवता आणि तपासणीचं ते ठरवतात. तिसरा, दुसऱ्याचं काम तपासून प्रमाणित करण्यासाठी ज्याची वेगळी नोंदणी आहे, असा थर्ड पार्टी सर्टिफायर तुम्ही नेमता. तोही काम सुरू होण्यापूर्वीच नेमायचा असतो, आणि काम संपल्यावर पाच दिवसांत त्याला कळवायचं असतं.

आता लक्षात आलं ना? स्वतः काम करणाऱ्यासाठी जे दोन रस्ते उरतात, ते दोन्ही पहिली झिरी मारण्याच्या आधी सुरू होतात. "काम करून ठेवतो, मग कुणीतरी सही करेल" असा चौथा रस्ताच नाही. पहिल्या प्रकारचा इलेक्ट्रिशियन कितीही ओळखीचा असला, तरी तुमचं काम स्वतःचं म्हणून दाखवू शकत नाही. त्या कागदावर आराखडा कुणी केला, काम कुणी केलं, तपासणी कुणी केली, या तिन्हीसाठी सही असते. न केलेल्या कामावर सही म्हणजे खोटी सही.

मला हे कळलं तेव्हा स्वयंपाकघराला रंगसुद्धा लागला होता. बोलावलेला इलेक्ट्रिशियन भला माणूस होता. त्यानं सगळीकडे फिरून पाहिलं, सॉकेटवर टिचकी मारली आणि विचारलं, "ही वायर कुठून येते?" मी म्हटलं, "वरून." "सरळ वरून?" मी गप्प बसलो. तो म्हणाला, "जे मी पाहिलं नाही, त्यावर माझी सही नाही." चहा पिऊन तो निघून गेला.

रात्री बाबांना फोन लावला. वाटलं, तेही वैतागून म्हणतील, काय हे तुमच्याकडचे नियम! पण त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, झिरी बुजवायच्या आधी कुणाला दाखवली होतीस का?"

"नाही बाबा. पण सगळं लागतंय. सगळे दिवे, सगळी सॉकेटं."

"लागतंय म्हणजे बरोबर आहे, असं तुला कुणी सांगितलं?"

मंडळी, आजच्या गप्पांचं सार या एका प्रश्नात आहे. 'लागतंय' आणि 'बरोबर आहे' यातला फरक दाखवणाऱ्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली, रिंग सर्किट. आपल्याकडे बोर्डापासून पॉइंटपर्यंत वायर जाते आणि तिथं संपते. इथं सॉकेटांची वायर बहुतेक घरांत बोर्डापासून निघून सगळ्या सॉकेटांना फिरून परत बोर्डात येते. वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि ब्रेकर ३२ अँपिअरचा. हे चालतं, कारण भार दोन्ही बाजूंनी वाटला जातो. पण ती रिंग मध्येच कुठे तुटली तर? एकही सॉकेट बंद पडणार नाही. किटली चालेल, मशीन चालेल. फक्त वायर झेपण्यापलीकडे तापत राहील आणि ब्रेकरला पत्ताही लागणार नाही. हे मीटरनं मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, रंग. आपल्या हाताला लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ अशी सवय. थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा हे तिन्ही फेज. यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेल्या माझ्या डोळ्याला निळी वायर दिसली की ती फेजच वाटते. इथं २००४पासून नवे रंग आले, २००६पासून ते सक्तीचे झाले. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या घरात एकाच पेटीत दोन्ही पिढ्यांचे रंग भेटतात. म्हणून रंगावर विश्वास नाही. आणि खिशातल्या दिव्याच्या टेस्टरवर तर त्याहून नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या. तो आधी चालू वायरवर तपासा, मग बंद केलेल्या वायरवर लावा, मग पुन्हा चालू वायरवर तपासा. बंद केलेला ब्रेकर कुलूप घालून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी चुकून चालू करणार नाही.

तिसरी गोष्ट माझ्या स्वयंपाकघरातली. वायर वाचावी म्हणून कोपऱ्यातून सॉकेटपर्यंत मी झिरी तिरकी मारली होती. इथला नियम असा की भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर वायर असेल, तर ती सॉकेट किंवा स्विचपासून सरळ उभी किंवा सरळ आडवी गेली पाहिजे, नाहीतर छताखालच्या किंवा भिंतींच्या कोपऱ्यालगतच्या १५० मिलिमीटरच्या पट्ट्यात पाहिजे. का? कारण पुढे भिंतीला भोक पाडणारा माणूस सॉकेट बघून अंदाज बांधतो. भिंतीतली वायर दिसत नाही, पण तिचा रस्ता ओळखता आला पाहिजे.

२००४ साली लंडनमध्ये तेव्हाच्या एका महिला खासदारांची तरुण मुलगी स्वतःच्या स्वयंपाकघरात शॉक लागून गेली. भिंतीत वायर तिरकी टाकलेली होती आणि भांड्यांच्या धातूच्या रॅकचा स्क्रू त्या वायरीत गेला होता. हे मी वाचलं, त्या आठवड्यात माझ्या बायकोनं मसाल्यांच्या डब्यांसाठी स्टीलचं रॅक मागवलं होतं. कुठे लावायचं, त्याच्या पेन्सिलीच्या खुणाही तिनं करून ठेवल्या होत्या. त्यातली एक खूण माझ्या तिरक्या वायरीवर होती.

मी ती खूण पुसली नाही, तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन नव्या रंगाची भिंत फोडली.

पुढे कौन्सिलकडे रेग्युलरायझेशनचा अर्ज केला. न कळवता झालेल्या कामासाठी ती सोय आहे, पण त्यात जे झाकलंय ते उघडून दाखवायला सांगू शकतात, आणि आम्हाला सांगितलंच. प्लास्टर दोनदा, रंग दोनदा, अर्जाची फी वेगळी. वाचवलेल्या पैशातले बरेच तिथंच गेले. कागद मात्र मिळाला, आणि घर विकायच्या वेळी वकील तोच कागद मागतात.

तेव्हा तुम्हाला हे काम स्वतः करायचं असेल तर जरूर करा, पण या क्रमानं. आधी सर्टिफायर किंवा बिल्डिंग कंट्रोल ठरवा आणि ते कोणकोणत्या टप्प्यावर बघायला येणार, हे लेखी घ्या. सर्टिफायर शोधताना थेट विचारा, "दुसऱ्याचं काम प्रमाणित करण्याची नोंदणी आहे का?" असे लोक थोडे आहेत, म्हणून वेळ हाताशी ठेवा. सर्किटांचा आराखडा त्यांना आधी दाखवा. मीटर आणि त्याच्या आधीचा सीलबंद फ्यूज आपला नाही, त्याला हात लावायचा नाही. जुन्या फ्यूजबोर्डात किंवा छताच्या नक्षीदार लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं, फोडण्याआधी तपासून घ्या. लाकडी तुळईला भोक मधोमध पाडा, वरच्या-खालच्या कडेपासून ५० मिलिमीटर आत. वायरी टाकून झाल्या की प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून फोटो काढा. मग तपासणी. मगच प्लास्टर.

शेवटी इन्सुलेशन ५०० व्होल्टवर मोजतील, अर्थिंग मोजतील, आरसीडी किती वेळात पडतो ते बघतील. ते करताना शेजारी उभे राहा, विचारा. परीक्षा म्हणून घाबरू नका. आपल्याला न दिसणारी चूक दुसऱ्या डोळ्यांना दिसावी, एवढ्यासाठीच ते असतं.

आरतीला भेटलेले ते गृहस्थ आता बिल्डिंग कंट्रोलशी बोलतायत. भिंतीचा थोडा भाग उघडावा लागणार आहे. थोडे नाराज आहेत, पण करतायत.

आमचं मसाल्याचं रॅक आता दुसऱ्या भिंतीवर आहे. भोकं मीच पाडली. पाडण्याआधी फोटो काढून बघितला, दोनदा.

दिवाळी जवळ येतेय. आकाशकंदिलाची वायर खिडकीच्या फटीत चेंगरून बाहेर नेऊ नका, आणि आजच आरसीडीचं टेस्टचं बटण दाबून बघा. सहा महिन्यांतून एकदा ते दाबायचं असतं. घड्याळं पुन्हा लावावी लागतील, लावा.